मित्राचं वावर अन् माझे पैसे: सहा घरं बांधायची का नाही? (चर्चा)

शारजाचा दर्यापूरकर
मंडळी थोडं लांबेल, पण पूर्ण सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार. मी दर्यापूर तालुक्यातला, अकरा वर्षं झाली शारजात एसीच्या कामात आहे. मित्र गावचाच, पहिलीपासून एका टाटपट्टीवर बसलेलो. त्याचं आता तालुक्याला हार्डवेअरचं दुकान आहे आणि रोडला लागून अर्धा एकर वावर. त्याचा प्लॅन असा की तिथं सातशे-सातशे फुटाची सहा रो-हाऊस काढायची. गिऱ्हाईक म्हणजे मास्तर लोक, रिटायर झालेले, पोरांच्या शाळेसाठी खेड्यातून तालुक्याला येणारे. सहाच घरं असल्यामुळं रेराचं, म्हणजे बिल्डरांच्या नोंदणी कायद्याचं, लचांड नाही म्हणतो. जागा त्याची, देखरेख त्याची, पैसा माझा. पहिले ३० लाख मी टाकायचे, मग बुकिंगचे पैसे येत जातील तसं पुढचं काम, नफा अर्धा अर्धा.

परवा फोनवर मी सहज म्हटलं की एखादा करारनामा करून ठेवू. तो गप्पच झाला, मागं टीव्हीचा आवाज येत होता तेवढाच. मग म्हणे, "तुले भरवसा नसंल तं राहू दे न भाऊ." तेव्हापासून त्याचा गुड मॉर्निंगचा मेसेज पण बंद आहे. बायको म्हणते लिहून घेतल्याशिवाय एक रुपया नाही. मला दोघांचंही पटतं, हाच प्रॉब्लेम आहे. लिहून मागणं म्हणजे अविश्वास का? आणि मुळात करावं का हे?

धुऱ्यावरचा
नको करू. मित्र बेइमान हाय म्हून नाई म्हनत मी, आधी आयकून घे.

माह्या मोठ्या भावानं असंच केलं होतं. तो मस्कतला, मित्र गावात. मित्राच्या प्लॉटवर खाली चार दुकानं, वर राहाची जागा. सोन्यासारखा मानूस होता तो मित्र, पै पैचा हिसाब वहीत लिवायचा. दुसऱ्या स्लॅबच्या पंधरा दिवस आधी मोटरसायकलवरून येता येता गेला. वही कोनाले सापडली नाई. त्याच्या बायकोले मायीत होतं की "भाऊजी मदत करतात", बस तेवढंच. तेराव्याले तिचे दोन भाऊ समोर बसले न म्हने कागद दाखवा. माह्या भावाजवळ काय होतं? व्हाट्सअपवर स्लॅबचे फोटो. आता त्या दुकानांचं भाडं तिकडं जाते, न भाऊ सुट्टीत आला की त्या रोडनं जातच नाई.

तुहा मित्र चांगलाच असंल बाप्पा. त्याच्या साळ्याशी ओळख हाय का तुही?

कोथरूडकर
एवढा विचार कशाला करताय? पैसे एनआरई (परदेशातल्या भारतीयांच्या) खात्यात एफडीला टाका, व्याजावर इथे टॅक्स नाही, डोक्याला ताप नाही. दर्यापूरला रो-हाऊस घेणार कोण?

तालुक्यातलाच
कोथरूडकर, दर्यापूरला माणसंच राहतात हो.

आता धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, पण दरवेळी बाहेरचा तेवढा भोळा आणि गावातला तेवढा लुटारू हे ऐकून कान किटले माझे. मी त्या बाजूला होतो, म्हणजे गावातला मित्र. माझा दोस्त ऑस्ट्रेलियात, दोन घरं बांधायची होती. प्लिंथपर्यंत पैसे टायमावर आले. मग तिकडं त्याची नोकरी गेली आणि पैसे बंद, फोन पण आठ-आठ दिवस उचलत नव्हता. कॉलमच्या सळाखी दोन पावसाळे उघड्या उभ्या होत्या, गंजून त्याचं लाल पाणी प्लिंथवर उतरायचं. सिमेंटवाल्याची उधारी माझ्या नावावर. एका घराचं बुकिंग झेडपीच्या मास्तरानं दिलं होतं, तो शुक्रवारच्या बाजारात हमखास दिसायचा, मी भाजी न घेता मागच्या गल्लीनं घरी यायचो. माझ्या ठेल्याचं उत्पन्न बुडालं ते वेगळंच, ते कोणी धरत पण नाही.

आणि काम म्हणजे काय असते हे तिकडं बसून समजत नाही. पावसाळ्यात रेतीघाट बंद, रेती ब्लॅकनं. रात्री दोनला गाडी येते, उठून उभं राहा, नाहीतर चार बरास सांगून तीन टाकून जाते. दसरा झाला की मजूर कापूस वेचायला, साइटवर काळं कुत्रं नसते. गवंडी आला तर रेजा (बाई मजूर) नाही, रेजा आली तर पाणी नाही. तेवढ्यात तिकडून व्हिडिओ कॉल, "भाऊ ती भिंत मले वाकडी दिसून राह्यली." अरे मोबाइल वाकडा आहे बाबा!

म्हणून माझं म्हणणं, हा माणूस दीड-दोन वर्षं दुकान सोडून राबणार, वावर देणार, आणि तुम्ही पहिलंच वाक्य करारनाम्याचं काढता. वाईट वाटणारच. करा करार, पण त्यात हे पण लिहा की तुमचे पैसे मधेच थांबले तर त्याचं काय. ते लिहायची तयारी आहे का, हे आधी सांगा.

शारजाचा दर्यापूरकर
खरं सांगू का, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे, उद्या कंपनीनं घरी पाठवलं तर मी पण तुमच्या दोस्तासारखाच.

कोर्टरोड
मी वकिली करते, अमरावतीला. भावनेचं तुम्ही बघा, मी कायद्याचं सांगते.

पहिलं म्हणजे ते शेत आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा या परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसानं आली तर चालते. एनए, म्हणजे बिगरशेती, झाल्यावर प्लॉट घेऊ शकता. नुसती जमीन घेऊन नफ्यावर विकणं बंद आहे, पण घरं बांधून विकणं त्या धंद्यात धरत नाहीत, म्हणजे तुमची कल्पना मुळात बेकायदेशीर नाही. पैसे मात्र बँकेतूनच, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून. हवालानं किंवा कोणाच्या हातून कॅश पाठवू नका, २० हजार किंवा त्यावर रोख उसनवारी आयकरात चालत नाही आणि उद्या पुरावा म्हणून दाखवायला काही राहत नाही.

दुसरं. असल्या केसमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं की बाजूचा तुकडा पण घेऊ, सध्या माझ्या नावावर घेतो. पैसा तुमचा आणि नाव त्याचं, याला बेनामी म्हणतात. १९८८ चा कायदा आहे, २०१६ ला कडक झाला, जमीन सरकारजमा होते आणि शिक्षा एक ते सात वर्षं. त्याहून वाईट म्हणजे मित्र फिरला तर "पैसा माझा होता" असा दावाच लावता येत नाही.

तिसरं मुखत्यारपत्र. विकायचे अधिकार दिलेलं जनरल पत्र मित्राला देऊ नका. आईबाप, भाऊ, बायको अशा जवळच्या नात्यात ५०० रुपयांच्या स्टँपवर होतं, मित्राला दिलं तर खरेदीखताएवढी ड्युटी लागते. परवानग्या आणि सह्यांपुरतं स्पेशल द्या, तिथल्या भारतीय वकिलातीत करा आणि इथं आल्यापासून तीन महिन्यांत स्टँप करून घ्या.

भागीदारी करणार असाल तर फर्म नोंदवा. १९३२ चा कायदा असा आहे की बिननोंदणीच्या फर्मचा भागीदार दुसऱ्या भागीदारावर करारासाठी कोर्टात जाऊ शकत नाही, फर्म मोडून हिशोब मागता येतो तेवढंच. दुसरा रस्ता सोपा आहे. एनए आणि लेआउट होऊ द्या, त्यातले दोन प्लॉट रजिस्टर खरेदीखतानं तुमच्या नावावर घ्या, मग बांधकामाला पैसे द्या. म्हणजे पाय ठेवायला जागा राहते.

रेराचं मित्र बरोबर बोलतो, ५०० चौरस मीटरच्या आत जागा किंवा आठपर्यंत घरं असली तर नोंदणी लागत नाही. पण म्हणून घेणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही असं नाही, तो ग्राहक आयोगात जातोच. आणि एनए, मंजूर नकाशा नसला तर मास्तरांना बँक लोन देणार नाही, मग तुमचं गिऱ्हाईक कॅशवालं, म्हणजे "कापूस विकला की देतो".

आणि मुख्य राहिलं. तुम्हीच लिहिलंय मित्राचं वावर. सातबारा कोणाच्या नावावर आहे?

स्लॅबवाला
कागदाचं ताईनं सांगितलं, आता जमिनीचं मी सांगतो, कारण हा खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणीच खारं, आणि ते कोणी बोललंच नाही. पूर्णेच्या काठची कायी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की हात जाते आत. बाकी ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खोदायचं, इथं मुरूम कुठचा, खोदत राहा! साधी फुटिंग टाकून घर उभं केलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि मास्तर भेगेचा फोटो घेऊन दारात. अंडर-रीम पाइल करा, म्हणजे खाली बल्बसारखा फुगवलेला पाया, वरून प्लिंथ बीम. खर्च वाढते, पण तो पायात करून टाकावा लागते.

पाणी तर त्याहून महत्त्वाचं. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये गेलं की सळाख आतून खाते. काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकात आरसीसीच्या पाण्याला क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आमच्याकडचं बोअर तपासून पाहा, मग बोला. शहानूरचं नळाचं पाणी टँकरनं आणावं लागंल, तराईला, म्हणजे काँक्रीट भिजवत ठेवायला सुद्धा. हा खर्च मित्राच्या हिशोबात आहे का विचारा. नसंल तर त्यानं बांधकाम फक्त दुकानातून पाहिलं आहे.

आता मला खटकलेली गोष्ट. देखरेख त्याची, आणि सळाख-सिमेंट कोणाच्या दुकानातून? त्याच्याच. म्हणजे मालावर नफा त्याचा आणि शेवटी अर्धा नफा पण त्याचा. चोरी नाही म्हणत, पण रेट कोण ठरवणार?

तालुक्यातलाच
स्लॅबवाले साहेब, दुसऱ्या दुकानात गेला तर उधारी कोण देणार? पैसे यायला महिनाभर उशीर झाला तर स्वतःच्या दुकानातून माल टाकून काम चालू ठेवणारा पण तोच. ते व्याज कोणी मोजलं?

स्लॅबवाला
मोजा न मग, मीही तेच म्हणतो. त्याच्या देखरेखीचा महिन्याचा पगार लावा, मालाचा रेट अकोल्याच्या दुकानाच्या कोटेशनवर बांधा. दोघंही सुखी. सध्या सगळं "अर्धा अर्धा" या दोन शब्दांत कोंबलं आहे.

आणि एकदम ३० लाख देऊ नका. पाया, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे पाडा, स्लॅबचे पैसे काँक्रीटच्या क्यूबचा (मजबुती तपासायच्या ठोकळ्याचा) अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट आल्यावर. बुकिंगच्या भरवशावर तर एकही खड्डा खोदू नका. २०२२ ला कापूस दहा हजारावर गेला होता तेव्हा प्लॉटवाले बयाना घेऊन फिरत होते, पुढच्या वर्षी भाव पडला अन् तेच लोक बयाना परत मागत होते, मी पाहिलं आहे.

धुऱ्यावरचा
येवढं सगळं लिवल्यावर दोस्ती रायते का बे? पगार काय, कोटेशन काय. मंग तो मित्र नाई, ठेकेदार झाला. म्हून म्हनतो नकोच करू. दिवाळीले ये, त्याच्या दुकानात बस, च्या पी, न जा वापस.

तालुक्यातलाच
माझ्या दोस्ताशी आमचं काहीच लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षं झाली बोलणं नाही. न लिहून पण गेलीच.

शारजाचा दर्यापूरकर
काल रात्री बसून पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. ताई, तुम्ही विचारलं ते बरोबर निघालं. वावर मित्राच्या वडिलांच्या नावावर आहे, काका अजून आहेत, ऐंशीच्या घरात. वर्ग १ आहे, म्हणजे विकायला सरकारची परवानगी नको, ते बरं. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. मित्राला फोन लावला, आधी नीट बोलेना, मग मी त्याला तालुक्यातल्या भाऊंचा मुद्दा सांगितला की माझे पैसे थांबले तर तुझं काय हे पण लिहू. तेव्हा जरा सैल झाला. बोज्याचं विचारलं तर म्हणे, "तो तं अख्ख्या गावावर हाय बे."

कोर्टरोड
बोजा भरून नील करता येतो, त्याचं एवढं नाही. काकांनी स्वतः घेतलेलं शेत आहे का वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर मुलींचा मुलाइतकाच हिस्सा आहे, २००५ ची दुरुस्ती, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो जन्मापासूनचाच हक्क आहे हे स्पष्ट केलं. मित्राला बहिणी किती? त्यांची संमती किंवा रजिस्टर हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शारजाचा दर्यापूरकर
आजोबांपासूनचं आहे. बहिणी तीन. एक अकोल्याला, एक परतवाड्याला, आणि धाकटी… धाकटी आमच्याच घरात दिली आहे. माझी मोठी वहिनी.

धुऱ्यावरचा
अबे! मंग इतके दिवस मित्र मित्र काय करून रायला, सोयरा हाय न तो तुहा! म्हंजे त्याच्या वावरात तुह्या भावाच्या घरचा हिस्सा हाय.

तालुक्यातलाच
आता त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. करारनामा म्हटला की सातबारा निघणार, सातबारा निघाला की बहिणी निघणार, आणि हक्कसोडीवर सही घ्यायला त्याला तुमच्याच ओसरीवर यावं लागणार होतं.

शारजाचा दर्यापूरकर
वहिनीला आत्ताच फोन केला. तिला या घरांबद्दल काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, "सही देते मी, पण एक घर माझ्या नावानं काढाल का ते आधी दादाला विचारा." सहाचे पाच झाले बहुतेक. शुक्रवारी मित्राशी बोलतो, मग लिहितो इथं.