न्यूरेंबर्गच्या डॉक्टर खटल्याचे मूळ कागद जपावेत का?

प्रश्न : ९ डिसेंबर १९४६ रोजी कैद्यांवर अमानुष वैद्यकीय प्रयोग केल्याच्या आरोपावरून नाझी जर्मनीतील डॉक्टर व अधिकारी अशा २३ आरोपींवर सुरू झालेल्या या खटल्याची कागदपत्रे स्कॅन झाल्यावर मूळ प्रती जपण्याची गरज उरते का?

उत्तर १ : निश्चितच उरते. त्या काळच्या आम्लयुक्त कागदाच्या कडा हात लागताच तुटतात, म्हणून स्कॅन आवश्यकच आहे. परंतु पेन्सिलीची खूण, शिक्क्याची शाई आणि कागदाचा पोत यांवरूनच दस्तऐवजाचा अस्सलपणा तपासता येतो.

उत्तर २ : सहमत आहे. मात्र दस्तऐवज क्रमांक, तारीख आणि तो कोणी सादर केला याची नोंद नसेल, तर पान जपूनही सापडत नाही.

उत्तर ३ : डाखाऊ या नाझी छळछावणीत प्रयोगासाठी बर्फगार पाण्यात बुडवलेल्या कैद्यांची ओळख या कागदांतूनही शोधावी लागते, त्यामुळे एकही पान गमावणे मला मान्य नाही.