अनुभव धागा : होडी पाण्यात ढकलण्याआधी

मुठाकाठची

पुण्याला समुद्र नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, तेवढीच आमची भरती. तरी गेली चार वर्षं आमची पाच जणांची टोळी दर शनिवारी रात्री समुद्रावर असते. मी कोथरूडला, एक हडपसरला, एकजण वारज्याला, एक बंगळूरला गेलेला आणि एक कायमचा 'पोचतोच दहा मिनिटांत'वाला. कॉम्प्युटरवरच्या. खेळ वाल्हाइम.

परवा साडेनऊला जमलो आणि होडी पाण्यात पडली तेव्हा पाऊण वाजला होता. सव्वातीन तास तयारी! वीस मिनिटं गेलो आणि बंगळूरवाला घोरायला लागला, माइक चालूच. सकाळी नवऱ्याने विचारलं, "कुठवर पोचलात?" म्हटलं, "आपल्याच किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला." त्याचा चेहरा बघून वाटलं, अशी आपली एकटीचीच गत नसणार. म्हणून हा धागा. खजिना मिळाला की राक्षस मारला ते दुसरीकडे लिहा. इथे फक्त निघण्याआधीचं.

तर आमची गोष्ट. वाल्हाइम फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तो अजून अर्ली ॲक्सेसच्या, म्हणजे 'पुरा व्हायचाय'च्या पाटीखाली असतानाच आम्ही सुरुवात केली. त्यात पोर्टल असतात, या दारातून शिरलं की त्या दारातून बाहेर. मग होडी कशाला? कारण तांबं, कथील, लोखंड पोर्टलमधून जात नाही. आता जगाच्या सेटिंगमध्ये ती अट काढता येते, पण हडपसरवाला त्याला कॉपी करून पास होणं म्हणतो, त्यामुळे विषय संपला. लोखंड दलदलीत, दलदल समुद्रापलीकडे, म्हणजे होडी हवीच.

मधल्या आकाराची होडी म्हणजे कार्व्ह. तिला ३० फाइन वूड (चांगलं लाकूड), २० राळ, १० हरणांची कातडी आणि ८० ब्रॉन्झचे खिळे लागतात. मी वाण्याच्या यादीसारखी वर 'श्री' घालून वहीत यादी केली. सगळं जमलं, कातडी नऊ निघाली. एका कातडीसाठी पाच माणसं एका हरणामागे अर्धा तास! अंधार पडलेला, हरीण दिसतंय तेवढ्यात कोणीतरी "मी बघतो, मी बघतो" करत धावत जाणार आणि ते पळणार. शेवटी मिळाली. होडी बांधून झाल्यावर कळलं, वारजेवालीच्या स्वतःच्या पेटीत दोन कातडी होती. "मला वाटलं पुढे लागतील."

त्यानंतरची शिस्त: सहलीची पेटी वेगळी, तिच्यावर पाटी, आणि स्वतःच्या पेटीतलं सगळ्यांनी बोलून दाखवायचं. होडीत कामाच्या टेबलापुरती १० लाकडं आणि पोर्टलचं सामान चढवायचं. उतरल्या उतरल्या आधी पोर्टल, मग बाकीची शोभा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या होडीचं सामान घरी ठेवायचं. कारण समुद्रात मेलात तर तुम्ही घरच्या पलंगावर उठता आणि तुमचं गाठोडं तिकडे लाटांवर तरंगत बसतं. ते आणायला जाणार कशाने? अगदी काही नाही तर तराफा. २० लाकडं, ६ चामड्याचे तुकडे, ६ राळ. हळू जातो, पण जातो.

वल्हेकर

मी इंजिनिअरिंगला असताना बोट क्लबवर खरी वल्ही मारली आहेत, रेगाटासाठी पहाटे उठून. म्हणून सी ऑफ थीव्ह्ज हा चाचेगिरीचा खेळ घेतला तेव्हा मित्रांनी मला न विचारताच कप्तान केला. सुकाणू माझ्याकडे. मोठी चूक.

या खेळात जहाज माणसं बघून: दोघांना स्लूप, तिघांना ब्रिगँटीन आणि चौघांना गॅलिअन. आम्ही चौघे. गॅलिअनचा नकाशा खालच्या मजल्यावर आणि सुकाणू वर मागे, समोर शिडं. सुकाणू धरणाऱ्याला ना नकाशा दिसतो ना शिडं खाली असली तर समोरचा खडक. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा वगैरे लाड नाहीत. होकायंत्र आणि माणसांचा आवाज, बास.

आता खऱ्या होडीत वल्हवणारे पाठमोरे बसतात. कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही, दिसतं फक्त सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला, आणि तो सांगेल तसं करायचं. इथे उलटं. सुकाणूवाला आंधळा आणि खालचे तिघे कॉक्स, तिघेही एकदम बोलणार. त्यात आपण पुणेकर, दिशा सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. "त्या मोठ्या बेटावरून थोडं पुढे ये, मग एक खडक लागेल, तो सोड." कुठला सोडू? आपटून कळला तो.

आता निघण्याआधी दहा मिनिटं फक्त बोलण्याची तालीम करतो. डावी-उजवी बंद, कारण डावी कोणाची यावरून भांडण होतं. उत्तर, ईशान्य असंच बोलायचं. नकाशापाशी एकच माणूस आणि बोलणाराही तोच. बाकीच्या दोघांनी बंदरावरची पिंपं उपसायची: केळी, फळ्या, तोफगोळे. फळ्या जास्त घ्या. भोकं बुजवायला त्याच लागतात, आणि केळी खाऊन होडी तरंगत नाही. बादलीने पाणी उपसणारा कोण हेही आधीच ठरवा, नाहीतर पाणी गुडघ्याला लागेपर्यंत चौघेही तोफेवर असतात.

दाभोळचा_पाहुणा

वारा बघत नाही का कोणी? @मुठाकाठची, तुमच्या खेळात समोरून वारा असला की शीड कामाचं नाही, वल्हवत बसावं लागतं. सव्वातीन तासांत एकदा तरी वर बघितलं असतं तर वीस मिनिटांत किनाऱ्याच्या टोकापेक्षा पुढे गेला असतात.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि जुनी माणसं तर नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. मी नोकरीसाठी पुण्यात आलो, रूमवरची पोरं हे खेळ खेळतात, त्यांना हे सांगितलं. त्यांनी खरोखर नारळ आणला, सीपीयूसमोर फोडला (पाणी कीबोर्डवर गेलं, थोडक्यात वाचला) आणि रात्रभर खोबरं खात बसले. त्या रात्री वादळात सर्पही आला, होडी वाचली. पोरं आता दर वेळी नारळ आणतात. मी गप्प बसतो, खोबरं मलाही आवडतं.

सिंहगडरोडची_आई

मोठ्यांचं काय घेऊन बसलात. माझा मुलगा दहा वर्षांचा, सोसायटीतली सात पोरं, माइनक्राफ्ट. सुट्टीत 'समुद्र सहल' ठरली. नियोजन आमच्या जिन्यात, दोन दिवस. माझ्या कानावर आलेलं खाली देते.

होडीला पाच फळ्या लागतात, म्हणजे फुकटच. अडचण बसण्याची. एका होडीत दोघेच. सातवा कोणाबरोबर? रडारड. मग एकाला आठवलं की पेटीची होडी असते (२०२२ मध्ये आली म्हणे), तिच्यात एकच जण आणि एक पेटी. सातव्याला 'सामानमंत्री' केलं. मुलांनी सगळ्यांची भाकरी, म्हणजे ब्रेड, त्याच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी त्याला आजीकडे नेलं. सहा पोरं उपाशी समुद्रात.

दुसरं, झोप. रात्र घालवायची तर सगळ्यांनी पलंगावर झोपायला लागतं. प्रत्येकाने आपला पलंग घेतला होता: तीन लोकर, तीन फळ्या. पण एकजण झोपेचना! "मला झोप नाही आली." खेळातली झोप, बरं का. त्याच्या आईला मी खिडकीतून हाक मारली, "अहो, त्याला झोपायला सांगा." त्या घाबरून म्हणाल्या, "दुपारी चारला?"

एक कामाचं सांगते. घराचे आकडे, म्हणजे कोऑर्डिनेट्स, निघण्याआधी कागदावर लिहून घ्यायला लावा. माझ्या मुलाने हातावर लिहिले आणि मग आंघोळ केली.

पैठणी_इन_पिक्सेल

मी सेकंड लाइफमध्ये २००९ पासून. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा सिंहगड रोडच्या मुलाएवढे असतील. हा खेळ नव्हे, ऑनलाइन जग आहे. २००३ पासून चालू. आमचा सहा मैत्रिणींचा गट तिथल्या ब्लेक सी भागात शिडाची होडी चालवतो.

तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. उन्हाळ्यात ते पुण्याच्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यात तिथल्या सकाळी सातची वेळ म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसात, कुकर लावून बसायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात हे मी विसरले आणि तासभर एकटी धक्क्यावर. डाळ करपली ती वेगळीच.

आता खरी तयारी. हे जग २५६ बाय २५६ मीटरच्या तुकड्यांचं आहे. हद्द ओलांडताना होडी, तिच्यातली माणसं आणि त्यांच्या अंगावरच्या सगळ्या स्क्रिप्ट्स (वस्तूंमधले छोटे प्रोग्रॅम) एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे सोपवल्या जातात. पहिल्या सहलीला आम्ही सहाजणी हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या: पैठणी, नथ, गजरा, डझनभर बांगड्या. प्रत्येक बांगडीत मापं बदलायची स्क्रिप्ट. पहिल्याच हद्दीला होडी पुढे, मी पाण्यात आणि आमची नाशिकची मैत्रीण हवेत बसलेल्या अवस्थेत, होडीशिवाय. दोष आमच्याच हौसेचा.

तेव्हापासून निघण्याआधी एकमेकींची तपासणी. केस साधे, दागिने काढून ठेवायचे, पडद्यावरची बटणांची चौकट बंद. दोन हद्दी लागोपाठ येत नाहीत ना ते आधी नकाशावर बघायचं, कोपरा कापायचा नाही. आणि बोलणं थांबवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

धनकवडी_१बीएचके

मी व्हीआर चष्मा लावून कयाक वल्हवतो, मित्र त्याच्या घरी, मी माझ्या. माझी तयारी म्हणजे टीपॉय उचलणं, पंखा बंद करणं (सीलिंगचा, हात वर जातात) आणि बायकोला सांगणं की पुढची वीस मिनिटं चहा हातात देऊ नकोस.

आणि मळमळ. डोळ्यांना पाणी हलताना दिसतं, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण खुर्चीत आहोत. दोघांचं पटलं नाही की पोटात ढवळतं. पहिल्या वेळी मी मिसळ खाऊन बसलो होतो. पुढचं लिहीत नाही. आता रिकाम्या पोटाच्या जवळपास, खुर्चीत, नजर क्षितिजावर, समोर टेबलफॅन आणि खिशात आलेपाक. टेबलफॅनमुळे वारा अंगावर येतो आणि खरंच फरक पडतो.

फ्यूज_उडाला

दोनच मुद्दे. दिवस ठरवताना गुरुवार टाळा, आमच्याकडे दुरुस्तीला वीज त्याच दिवशी जाते. आणि अपडेट आदल्या रात्री उतरवून ठेवा. आमच्यातल्या एकाने सगळे जमल्यावर कॉम्प्युटर लावला आणि आम्ही दीड तास टक्केवारी ऐकली.

वारज्याची_तीच

@मुठाकाठची, जगासमोर काढलंस ना? ठीक आहे. त्या दोन कातड्या माझ्याकडे होत्या कारण मागच्या सहलीला "कोणाकडे जादा आहे का" विचारणारी तूच होतीस. आणि खिळे ८० नव्हते, ७६ होते. उरलेले चार मी गुपचूप घातले. तेही माझ्याच पेटीतले.

मुठाकाठची

७६?? मी दोनदा मोजले होते.

बरं. शनिवारी साडेआठ. पेटी तूच सांभाळ. @दाभोळचा_पाहुणा, वारा कुठून आहे ते तेवढं येऊन सांगा, नारळ आम्ही आणतो.