मदत हवी आहे: गाईडसोबत बॅककंट्री स्की (रिसॉर्टबाहेरच्या डोंगरात), जपानचं होक्काइदो की नॉर्वेचं लिंगेन?

मी स्की करते, नवरा स्प्लिटबोर्डवर (चढताना दोन स्कीसारखा वेगळा होणारा स्नोबोर्ड) असतो. रिसॉर्टच्या पिस्टवर (तयार केलेल्या उतारांवर) दोघंही बरे आहोत, पण खाली स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी चढून जायची ही पहिलीच वेळ. आल्प्समधला शामोनी ते झरमॅटचा ओत रूट (अनेक दिवसांची स्की-सफर) मी यादीतून काढलाय: हिमनद्या, दोर, शिवाय लांबलचक आडव्या वाटा. त्यात स्प्लिटबोर्डवाल्याचे हाल होतात (आणि मग माझे!).

उरले दोन. जानेवारी-फेब्रुवारीत होक्काइदो: भुसभुशीत बर्फ, झाडांमधले उतार, उंची कमी. किंवा मार्च-एप्रिलमध्ये नॉर्वेचं लिंगेन, समुद्रकाठापासून थेट शिखरावर. तिथे दिवसाला हजारेक मीटर चढाई सहज होते म्हणे. नवख्यांना झेपेल का?

गाईड आयएफएमजीएचा (पर्वत-गाईडांची आंतरराष्ट्रीय संघटना) हवा हे पक्कं. पण एका गाईडमागे किती जण असले तर तुम्ही बुकिंग करता? बर्फ धोकादायक वाटला तर ते सौम्य उतारांवर नेतात की दिवस रद्द करतात, आणि पैशांचं काय? ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं भाड्याने घेतलेलं चालतं का? हिमस्खलनाचा कोर्स आधीच करावा, की पहिल्या दिवशीचा सराव पुरतो? मला तो पुरेसा वाटत नाही, नवऱ्याला वाटतो.

जाऊन आलेल्यांनी सांगा, प्लीज.