मदत हवी आहे: उपग्रह लेसर रेंजिंगच्या मोजमापांची आपोआप छाननी

नमस्कार मंडळी. मी ताळगावला एम.एस्सी. फिजिक्स करतेय. प्रकल्प उपग्रह लेसर रेंजिंगचा आहे, म्हणजे जमिनीवरच्या स्टेशनातून उपग्रहावर लेसर सोडायचा आणि प्रकाश परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजायचं. त्यासाठी लेजिऑस-१ आणि लेजिऑस-२ या उपग्रहांचा खुला फुल-रेट डेटा (परतलेल्या प्रत्येक स्पंदाची नोंद) घेतलाय. ६० सेंटिमीटर व्यासाचे हे गोळे, अंगावर ४२६ परावर्तक प्रिझम. पहिला १९७६चा, तरी आजही त्याच्यावरून प्रकाश परततोय, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

माझा पायथॉन प्रोग्राम अंदाजित अंतर वजा करतो, उरलेल्या फरकांवर वक्र बसवतो, २.५ सिग्माबाहेरचे (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) बिंदू पुन्हा पुन्हा गाळतो आणि १२० सेकंदांचे नॉर्मल पॉइंट (तेवढ्या वेळातल्या मोजमापांचा एकेक सरासरी बिंदू) काढतो. रात्रीचे पास (उपग्रह स्टेशनवरून एकदा जातो तेव्हाची मोजमापं) छान निघतात. दिवसा मात्र सूर्यप्रकाशाच्या फोटॉनमुळे सिग्माच फुगतो आणि कचरा आत राहतो. मध्यकावर आधारलेली गाळणी लावली तर बरंच सुधारतं.

खरी काळजी वेगळी आहे. मागच्या प्रिझमांवरून येणारे फोटॉन थोडे उशिरा पोचतात, म्हणून फरकांना एका बाजूला शेपटी असते. दोन्हीकडून सारखं कापलं तर ती खरी मोजमापं जातात, सरासरी काही मिलिमीटर सरकते. इथे तर मिलिमीटरचाच हिशेब!

मग सरासरीऐवजी फरकांच्या वितरणाचं शिखर धरावं का? आणि एकाच पासवरून स्टेशनचा रेंज बायस (त्याच्या अंतरांत कायम येणारी ठरावीक चूक) आणि कक्षेची चूक प्रोग्रामने वेगळी कशी ओळखावी? की आठवड्याभराचे, अनेक स्टेशनांचे पास एकत्रच घ्यावेत?

पणजी-फोंड्याकडे कुणी जाणकार असल्यास कृपया सांगा, आलेख घेऊन भेटायला येईन.