कोलंबस, इंडियाना: नवऱ्याची बदली होतेय, माझ्या नोकरीचं काय?

सायली_कोथरूड
नमस्कार. नवऱ्याची कमिन्समध्ये (ट्रकची इंजिनं बनवणारी कंपनी) पुण्याहून कोलंबसला बदली होतेय (इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नव्हे). मुलगा दुसरीत आहे. मी बँकिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे. तिथे वस्ती कशी आहे, लोक कामं कोणती करतात, आणि मला नोकरी मिळेल का? राहून आलेल्यांनी कृपया सांगा.

माधव_इंडियाना
सायली, स्वागत. आम्ही बरीच वर्षं इथेच आहोत. २०१० मध्ये गावाची लोकसंख्या ४४,०६१ होती, २०२० मध्ये ५०,४७४ झाली. या वाढीत बाहेरून आलेल्या इंजिनिअर कुटुंबांचा मोठा वाटा आहे. डाउनटाउनमध्ये दुपारी जेवायला बाहेर पडलात की मराठी हमखास कानावर पडतं. कमिन्सचा पुण्याचा कारखाना १९६२ पासूनचा, त्यामुळे ये-जा जुनी आहे. स्पॅनिश बोलणारी कुटुंबंही बरीच आहेत.

कमिन्स इथे १९१९ मध्ये सुरू झाली. पण गाव फक्त तिच्यावर चालत नाही. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा (माल उचलणाऱ्या गाड्यांचा) कारखाना आहे, एनटीएन कंपनीचा गाड्यांच्या ड्राइव्हशाफ्टचा आहे, शिवाय मोठं हॉस्पिटल. ऑफिसात इंजिनिअर आणि लाइनवर शिफ्टचे कामगार, असे दोन वेगळे वर्ग दिसतात. शिफ्टवाले पुष्कळसे शेजारच्या जेनिंग्ज, जॅक्सन काउंट्यांतून गाडीने येतात. ट्रकची मागणी घटली की आधी कंत्राटी लोक घरी बसतात. गावात राहायचं तर हे चढउतार समजून घ्या.

रेवती_क
माधवदादांनी गावाचं सांगितलं, मी तुमच्या नोकरीचं सांगते. सगळ्यात आधी व्हिसा कोणता ते विचारा. नवरा एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) येणार असेल तर तुम्ही एल-२ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या जोडीदाराला वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही. आय-९४ वर (अमेरिकेत शिरताना होणारी नोंद) 'एल-२एस' लिहिलंय ना, तेवढं बघा. एच-१बी (नेहमीचा नोकरीचा व्हिसा) असेल तर तुम्ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि मग साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली, म्हणून इतकं ठासून सांगतेय. नियम बदलतात, कंपनीच्या वकिलाकडून खात्री करून घ्या.

बँकिंग टेस्टिंगचं काम कोलंबसमध्ये फारसं नाही. इंडियानापोलिसकडे बघा, राज्याची राजधानी, आय-६५ महामार्गाने पाऊण तासाच्या आसपास. ट्रेन नाही, गावातली बस गावातच फिरते. गाडी चालवता येणं अत्यावश्यक, आणि बर्फाच्या दिवसांत वेळ वाढतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता येईल अशी नोकरी शोधा.

माधव_इंडियाना
रेवतीशी पूर्ण सहमत. शाळेची काळजी नको, सरकारी शाळेतच घाला. १९५० च्या दशकापासून कमिन्स फाउंडेशनने इथल्या शाळांसाठी नामवंत आर्किटेक्टांची फी भरली. छोट्या गावात चांगले इंजिनिअर यावेत आणि टिकावेत, हा कमिन्सचे तेव्हाचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांचा त्यामागे विचार होता. आय. एम. पे या प्रसिद्ध आर्किटेक्टने डिझाइन केलेल्या १९६९ च्या लायब्ररीत मुलाला पहिल्याच आठवड्यात न्या. तुमच्याही ओळखी तिथेच होतील.

सायली_कोथरूड
मनापासून धन्यवाद! एचआरला विचारलं, एल-१ आहे. ड्रायव्हिंगचा क्लास सोमवारपासून लावतेय. इंडियानापोलिसमध्ये क्यूएसाठी (टेस्टिंगच्या कामासाठी) कोणी रेफरल देऊ शकेल का? विपू (खाजगी निरोप) करा प्लीज.