मदत हवी आहे: गुडघे बदललेल्या आईला भूमध्य समुद्रात उतरता येईल असे गाव कोणते?

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टला राहतो. माझे आई-वडील पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून अडीच महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यातला एक आठवडा सगळ्यांनी मिळून भूमध्य समुद्राकाठी घालवावा असा बेत आहे. गाव ठरवण्यात आमचे अडले आहे.

आई ६८ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले आहेत. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास सहज चालते. पायऱ्या मात्र कठडा धरून एकेक करत उतरते आणि जमिनीवर बसली तर आधाराशिवाय उठू शकत नाही. तिचे माहेर हर्णैचे, पण तिच्या लहानपणी समुद्रात डुंबायचे ते मुलग्यांनी आणि मुलींनी काठावर चपला सांभाळत उभे राहायचे, अशी रीत होती. या खेपेस छातीपर्यंत पाण्यात उभे राहायचे आहे, असे तिने स्वतःहून सांगितले आहे. ती सहसा काही मागत नाही, त्यामुळे ही एक गोष्ट जमवायचीच असे मी ठरवले आहे. वडील ७३ वर्षांचे असून शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि वाळूत पडून राहण्यापेक्षा जुने अवशेष पाहण्यात त्यांना अधिक रस आहे. आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला बादली आणि फावडे मिळाले की पुरते.

गेल्या वर्षी आम्ही त्यांना क्रोएशियात इस्त्रियाला नेले होते. हॉटेलने समुद्र १२० मीटरवर असल्याचे कळवले होते आणि ते खोटे नव्हते. फक्त त्या १२० मीटरमध्ये ६४ पायऱ्या होत्या, ज्या आईने मोजल्या. खाली वाळू नव्हतीच. काँक्रीटचा ओटा, त्याला जोडलेली लोखंडी शिडी आणि शिडीच्या पायथ्याशी खडकांना चिकटलेले काळे काटेरी सी-अर्चिन. पाच दिवस आईने गॅलरीत बसून समुद्र पाहिला आणि "छान आहे हो" असे म्हणत राहिली.

या वेळी तीन ठिकाणे निवडली आहेत. पहिले तुर्कस्तानातले सिदे, जिथे वाळूचा किनारा, अपोलोच्या मंदिराचे खांब आणि रोमन नाट्यगृह एकाच गावात आहेत. दुसरे ग्रीसच्या क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे रेथिम्नो किंवा त्याच्या पश्चिमेचे जॉर्जिऊपोली. तिसरे स्पेनच्या मायोर्का बेटावरचे अल्कुदिया, जिथल्या उपसागरात बरेच आत गेले तरी पाणी कमरेएवढेच राहते आणि तटबंदीच्या गावाला लागून पोलेंतिया या रोमन नगराचे अवशेष आहेत. तिन्हीकडे श्टुटगार्टहून थेट विमाने आहेत. जायचे मेच्या अखेरीस, असा सध्या विचार आहे.

माझे प्रश्न असे. पाण्यात शिरताना उतार किती सौम्य आहे, आणि लाटा ढकलत असताना गुडघे न वाकवता बाहेर येता येईल का? खोलीपासून पाण्यापर्यंत एकही पायरी नसलेली जागा कोणाच्या पाहण्यात आहे का? आणि वडिलांच्या जेवणाचे काय करावे? आठवडाभर चिप्स आणि सॅलडवर त्यांना ठेवणे मला पटत नाही.

*पहिला प्रतिसाद*

ताई, गावाच्या आधी महिन्याचा विचार करा, असे मी सुचवेन. मेअखेरीस मायोर्काचे पाणी १९-२० अंशांच्या, क्रीटचे २०-२१ अंशांच्या आसपास असते. ज्यांना कोकणातल्या मेमधल्या जवळजवळ ३० अंशांच्या पाण्याची ओळख आहे, त्या बाई घोटे भिजवून परत फिरतील. भूमध्य समुद्र हळू तापतो आणि तितकाच हळू निवतो. सप्टेंबरच्या शेवटीही क्रीटला २४-२५ आणि सिदेला २७ अंशांच्या जवळपास पाणी मिळते. तुमची मुलगी अजून बालवाडीत असल्याने शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नाही, ही सवलत आणखी दीड-दोन वर्षेच आहे. गौरी-गणपती उरकून आई-वडिलांना बोलावले तर त्यांच्या घरच्या गणपतीचाही प्रश्न राहणार नाही.

आता क्रीटविषयी. सासूबाईंना घेऊन आम्ही तिथे दोनदा गेलो आहोत. रेथिम्नोची पुळण लांबलचक असली तरी उत्तरेला उघडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटला की लाल बावटा लागतो. जॉर्जिऊपोलीला नदीचे गार पाणी समुद्रात मिळते आणि काही जागी ओढ आहे, त्यामुळे तुमच्या आईंसाठी मी ते वगळेन. त्याऐवजी हानियाच्या पूर्वेचे आल्मिरिदा पाहा. छोटा, आडोशाचा उपसागर, उथळ वाळू, आणि रस्ता, खानावळी व किनारा जवळजवळ एकाच पातळीवर. ग्रीसमध्ये अनेक किनाऱ्यांवर सीट्रॅक नावाची सोय असते: रुळांवरून सरकणारी खुर्ची, जिच्यावर बसून माणूस पाण्यात जातो आणि बसूनच बाहेर येतो. ती सौरऊर्जेवर चालते आणि वापरायला पैसे पडत नाहीत. गुडघे न वाकवता बाहेर येण्याच्या तुमच्या प्रश्नावर याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

एक गोष्ट कोकणातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. इथे भरती-ओहोटीचा फरक वीतभराचाच. ओहोटीनंतर हर्णैला जी घट्ट, ओली, चालायला सुखाची वाळू उघडी पडते, ती इथे नसते. पाण्यापर्यंत कोरड्या, भुसभुशीत वाळूतूनच जावे लागते आणि नव्या गुडघ्यांना तेच जड जाते. म्हणून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे का, हे हॉटेलला आवर्जून विचारा. अंतर विचारू नका, पायऱ्या विचारा.

जेवणाची काळजी क्रीटमध्ये नको. तेलात शिजवलेल्या भाज्यांना तिथे लादेरा म्हणतात, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरणच, आणि भात भरलेले टोमॅटो व मिरच्या सर्वत्र मिळतात, फक्त त्यात खिमा नाही ना हे विचारून घ्यावे. उपवासाचे म्हणजे निस्तीसिमो हा शब्द पाठ करा, पण सावधपणे: त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध चालत नाही, कोळंबी आणि ऑक्टोपस मात्र चालतात.

*दुसरा प्रतिसाद*

सिदे मला आवडते आणि आईंच्या दृष्टीने तिथे एक फायदा आहे. तुर्कस्तानात अंगभर पोहण्याचा पोशाख घालणाऱ्या स्त्रिया सर्रास दिसतात, त्यामुळे कोणी वळून पाहत नाही. मात्र हॉटेलच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत. पोहण्याच्याच कापडाचे हवेत. जेवणात मसूरडाळीचे सूप रोज असते, पण ते कधी कधी हाडांच्या पाण्यात करतात, तेव्हा विचारल्याशिवाय वाढून घेऊ नये.

व्हिसाचे नीट पाहा. आई-वडिलांकडे वैध शेंगेन व्हिसा (जर्मनी, ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, परंतु तुर्कस्तान शेंगेनबाहेर असल्याने त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर जर्मनीत परतण्याची वाट बंद होईल. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा.

*धागाकर्तीचे उत्तर*

दोघांचेही मनापासून आभार. महिन्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. काल आईशी बोलले. घरचे गणपती पाच दिवसांचे असल्याने सप्टेंबरअखेरीस निघणे तिला उलट सोयीचे आहे. वडिलांनी क्रीटमधल्या क्नोसॉस या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांचे नाव ऐकताच क्रीटच्या बाजूने मत दिले. ते हेराक्लिओनजवळ, म्हणजे आल्मिरिदाहून बरेच लांब आहे, हे त्यांना अजून सांगितलेले नाही. अल्कुदिया यादीतून काढले आहे आणि सिदे राखीव ठेवले आहे.

व्हिसाच्या अर्जाला वेळ असल्याने एवढेच विचारते: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आल्मिरिदाला गेलेले कोणी आहे का, आणि तिथे किनाऱ्यासमोर तळमजल्यावरची, आत उंबरा नसलेली खोली कोणी पाहिली आहे का?