माणसाच्या हालचालींवर काँप्युटर व्हिजनमध्ये पीएचडी करायचीय, कुठे अर्ज करू?

कोड_कट्टा: नमस्कार मंडळी, पुण्यात एमटेक करून सध्या नोकरी करतोय. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या व्यायामाचे व्हिडिओ मीडियापाईपमध्ये (व्हिडिओतल्या माणसाच्या सांध्यांवर ठिपके लावणारं गुगलचं सॉफ्टवेअर) टाकून गुडघा किती वाकतोय ते बघायला लागलो आणि तेव्हापासून हाच विषय डोक्यात बसलाय. पीएचडी इथेच करावी की युरोपात? आणि प्रपोजलमध्ये नवीन मॉडेलच मांडायला हवं का?

राईनकाठचा: युरोपचं सांगतो. जर्मनी, स्वीडन, नॉर्वेकडे पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, त्यावर अर्ज करायचा. जर्मनीत जाहिरातीत टीव्ही-एल ई १३ ही सरकारी पगारश्रेणी लिहिलेली असते, त्याच्या किती टक्के देणार ते आधी नीट बघ. युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा आपल्यासाठी फार चांगल्या, पण त्यात अट आहे की भरतीआधीच्या ३६ महिन्यांत तू त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावास, म्हणजे आधी एमएस करायला जर्मनीत गेलास तर तिथली जागा हातची जाते, भारतातून थेट अर्ज केलास तर काही अडचण नाही. एलिस, म्हणजे युरोपातल्या एआय संशोधकांचं जाळं, त्यांचा पीएचडी प्रोग्रॅमही बघ, त्यात दोन देशांतले दोन गाईड मिळतात. शरीराच्या थ्रीडी मॉडेलमध्ये रस असेल तर ट्युबिंगनची माक्स प्लांक संस्था, माणसाच्या शरीराचा थ्रीडी आकार मांडणारं एसएमपीएल मॉडेल २०१५ मध्ये तिथूनच आलं. खेळ आणि बायोमेकॅनिक्स हवं असेल तर इंग्लंडमधलं बाथ विद्यापीठ, फक्त तिकडे परदेशी विद्यार्थ्याची फी कोण भरणार ते आधी विचारून घे.

फिजिओताई: मी फिजिओथेरपिस्ट आहे, मॉडेलमधलं मला फार कळत नाही, पण आमच्या ओपीडीत काय होतं ते सांगते. पेशंट बाई साडी नेसून येतात, चालायला लागल्या की निऱ्या हलतात आणि स्क्रीनवरचा गुडघ्याचा ठिपका निऱ्यांबरोबर सरकतो, खरा गुडघा कुठे आहे त्याला पत्ताच नसतो. शेवटी मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावूनच कोन मोजते. आणि आमचे पेशंट विचारतात काय, तर मांडी घालून कधी बसता येईल, उकिडवं बसता येईल का, देवापुढे बसून उठता येईल का! त्या हालचाली नीट मोजून देणारं काहीतरी करा हो, खरंच फार गरज आहे.

सांधेजोड: ताईंनी तुमचं प्रपोजलच लिहून दिलंय बघा. नवीन मॉडेलची अजिबात सक्ती नाही, ठिपके काढणारी मॉडेल्स ढीगभर आहेत, मोजमाप किती विश्वासाचं हा प्रश्न अजून उभा आहे. ही मॉडेल्स ज्या फोटोंवर शिकतात त्या कोको डेटासेटमधले शरीरावरचे १७ बिंदू माणसांनी फोटो बघून अंदाजाने लावलेत, हाडातला सांध्याचा मध्य त्यांना दिसत नव्हता, आणि मॉडेल तेच शिकलं. बाथच्याच गटाने २०२१ मध्ये ओपनपोझ, अल्फापोझ आणि डीपलॅबकट ही ठिपके काढणारी मॉडेल्स मार्करवाल्या (अंगावर खुणेचे गोळे चिकटवून मोजायच्या) पद्धतीशी ताडून पाहिली तर खुबा आणि गुडघ्यात साधारण ३० ते ५० मिलिमीटरचा पद्धतशीर, म्हणजे दरवेळी तसाच येणारा, फरक आला. हे उघड्या पायांवर, आता त्यावर साडी घाला! व्हिडिओवरून हालचाल मोजणारं स्टॅनफर्डचं ओपनकॅप सॉफ्टवेअर बघा, दोन आयफोनवर चालतं, त्याच्यावर प्रयोग सुरू करता येतील.
इथे करायचं असेल तर हैदराबादच्या ट्रिपलआयटीतलं सीव्हीआयटी हे काँप्युटर व्हिजनचं संशोधन केंद्र आहे, आयआयटी आहेत. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. घर चालवायचं असेल तर ओढाताण होते, पण पेशंट इथे आहेत हे विसरू नका.

कोड_कट्टा: ताई, सांधेजोड, मनापासून आभार! एकच विचारतो, साडीच्या आत मार्कर लावता येणार नाहीत, मग माझं उत्तर बरोबर आहे हे ताडायचं कशाशी?

सांधेजोड: अंगाला बांधायचे सेन्सर, आयएमयू, ते कपड्याच्या आत मांडीला आणि पोटरीला बसतात, गुडघ्याचा कोन त्यातून निघतो. त्यांची चूक आधी घट्ट कपड्यांत मार्करवाल्या लॅबमध्ये मोजून ठेवायची आणि मग साडीत तेच वापरायचे. म्हणून को-गाईड हाडांचे डॉक्टर किंवा गेट लॅबवाले (चालण्याची तपासणी करणारी लॅब) घ्या. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पेशंटचा एकही व्हिडिओ काढू नका.

फिजिओताई: संमतीपत्र मराठीत करा आणि बायकांच्या व्हिडिओत चेहरा येणार नाही असं त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर कुणी तयार होत नाही.